तीनशेला एकोणतीस कमी

बाबांना एक शब्द अजिबात खपत नाही. तो शब्द म्हणजे 'अंदाजे'. भाजीवाली म्हणाली, "घ्या ओ काका, अंदाजे किलोभर असेल," की बाबा पिशवी तिथेच ठेवून घरी येणार. मग जेवायला भाजी नसली तरी बेहत्तर. मी लहान असताना कुणी विचारलं, "मुलगी किती वर्षांची?" तर ते वरचे महिने आणि दिवसही सांगायचे. मी जन्मले तेव्हा दवाखान्याचा काटा वीस ग्रॅमने खोटा आहे म्हणून ते नर्सशी भांडले होते आणि मला दुसऱ्या काट्यावर पुन्हा मोजायला लावलं होतं. एक किलो नऊशे चाळीस ग्रॅम. म्हणून मी घरात 'छटाक'. आता साठ किलोच्या पुढे काटा गेलाय माझा, तरी हाक तीच.

असा माणूस सरकारने वजनमापे खात्यात घेतला. हे सरकारचं नशीब की बाजाराचं दुर्दैव, कोण जाणे. चौतीस वर्षं बाबा निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, पारडी रिकामी करायला लावायची, वाकून दांडी बघायची, पासंग निघाला की काटा जप्त. बाजारात त्यांना 'तोळासाहेब' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले की बातमी त्यांच्याआधी शेवटच्या दुकानापर्यंत पोचायची. एका तेलवाल्याने टेबलाखालून पाकीट सरकवलं, तर बाबांनी त्या पाकिटाचं वजन केलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठीसकट परत दिलं. "मापात पाप," एवढंच म्हणाले.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर सुनेच्या चुका काढतात. आमच्याकडे सून नव्हती आणि बागेला जागा नव्हती. बाबांनी नगरपालिकेला अर्ज केला. जुना जकात नाका बंद पडला होता, दोन खोल्या आणि एक ओटा. खात्याच्या गोदामात जप्त केलेले काटे गंजत पडले होते. दोन्ही मला द्या, म्हणाले. दोन्ही कुणालाच नको होती, म्हणून मिळाली. पाटीवर 'वजनमापे संग्रहालय' असं लांबलचक नाव लिहिलंय, पण गाव त्याला काटाघर म्हणतं. बारा वर्षं झाली.

पहिल्या खोलीत चालते काटे. मधोमध मोठा फळीचा काटा, पूर्वी पोती मोजायचा. येणाऱ्याने फळीवर उभं राहायचं, मग बाबा अडसर काढून दांडीवरचं वजन सरकवत नेतात, दांडी आडवी झाली की आकडा मोठ्याने वाचतात, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर लिहून सही करून देतात आणि वहीत नोंद करतात. खिडकीपाशी पितळी बाळकाटा आहे, सुपासारखं पारडं असलेला. दुसऱ्या खोलीत खोटी मापं. पोकळ करून मेण भरलेली वजनं, दुहेरी बुडाचं तेलाचं माप, पारड्याखाली चिकटवलेला लोहचुंबक. एका कोळसेवाल्याने फळीखाली लावलेल्या शिशाच्या आठ पट्ट्या, एकेक किलोच्या. प्रत्येक वस्तूखाली कार्ड, त्यावर लबाडी कशी केली आणि कशी पकडली ते. करणाऱ्याचं नाव मात्र कुठेही नाही. "माणसाची अब्रू काढायला हे घर नाही," बाबा म्हणायचे.

संग्रहालय बघायला पाहुणे यावेत अशी कल्पना होती. आलं गाव. बाया दर महिन्याला तान्ही मुलं घेऊन येऊ लागल्या, कारण सरकारी दवाखान्यात रांग मोठी आणि काटा रुसलेला. आजारातून उठलेली माणसं येत. दुकानदार आपणहून काटे तपासून घ्यायला येत, ज्यांनी एके काळी तोळासाहेबांना शिव्या दिल्या होत्या तेच. आमच्या गल्लीतली शिलाईवाली तर यंदा, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेल्या मुलीला दर महिन्याच्या दोन तारखेला न चुकता आणायची. मुलगी अशक्त होती. सात महिन्यांची झाली तरी साडेपाच किलोवर अडली होती. बाबा तिच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवत.

आणि आईही यायची. शेवटच्या वर्षात तिची प्रकृती तोळामासा झाली होती. दर शनिवारी बाबा तिला फळीवर उभं करायचे. मी तेव्हा परगावी हॉटेलच्या कामाचं शिक्षण घेत होते. आई फोनवर आकडा सांगायची. साडेसत्तेचाळीस, पुढच्या आठवड्यातही साडेसत्तेचाळीस. "काटा काही खोटं बोलत नाही," ती म्हणायची, "बरी आहे मी. तू परीक्षा देऊन ये." मी परीक्षा देऊन आले. आई आदल्या दिवशी गेली होती. सगळे म्हणाले, अचानक गेली. तिच्या चष्म्याच्या डबीत तिची शेवटची चिठ्ठी होती, साडेसत्तेचाळीस, खाली बाबांची सही. ती सहा वर्षं माझ्या पाकिटात आहे.

नंतर मी गावातच नोकरी धरली, बसस्थानकासमोरच्या हॉटेलात, काउंटरवर. आमच्याकडे बेचाळीस खोल्या आहेत. प्रत्येक बिलात खोलीच्या भाड्याखाली एक ओळ असते, मुक्काम कर. पाहुणे त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, "हे काय?" मी सांगते, "गावातल्या सांस्कृतिक संस्थांसाठी." त्या करातला एक हिस्सा वाचनालयाला, नाट्यगृहाला, बँडला आणि काटाघराला जायचा. म्हणजे मी काउंटरवर घ्यायचं आणि ते फिरून बाबांच्या विजेच्या बिलाला पोचायचं. घरचं गणित घरातच सुटत होतं.

मग गेल्या वर्षी नगरपालिकेने काचेच्या बोगद्याचं मत्स्यालय बांधलं आणि नियम बदलला. ज्यांचा कर, त्यांच्यासाठी खर्च. संस्थेने वर्षाला तीनशे मुक्कामी पाहुणे आणून दाखवायचे. पुरावा म्हणजे हॉटेलच्या बिलाची खालची फाडायची पावती, पाहुण्याने संस्थेत जमा केलेली. तीनशे भरले नाहीत तर हिस्सा बंद, जागा परत. आमचे मालक त्या समितीवर आहेत. मी एकदा धीर करून विषय काढला, तर म्हणाले, "तूच सांग, गावातली बाळं मोजायला माझ्या पाहुण्यांनी का पैसे द्यायचे?" मी पुढच्या पाहुण्याचं बिल करायला घेतलं.

गावातली हजार माणसं वर्षभर काटाघरात येत होती. त्यातलं एकही मोजायचं नाही. ज्याने आयुष्यभर मोजण्याशिवाय काही केलं नाही, त्याच्या नशिबी हे आलं.

बाबांनी काय काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. गळ्यात पाटी अडकवून ते बसस्थानकावर उभे राहिले. एका सकाळी तर आमच्या हॉटेलच्या नाश्त्याच्या खोलीत शिरले आणि कोपऱ्यातल्या बाईंना अतिशय अदबीने विचारलं, "आपलं वजन किती?" बाईंनी अंड्याची बशी बाजूला सारली आणि थेट मालकांना बोलावलं. मालक मला म्हणाले, "ते तुझे वडील ना?" मी हो म्हटलं. नाही म्हणावंसं वाटलं होतं, हेही खरं.

वर्ष संपायला आठवडा उरला तेव्हा पेटीत दोनशे सत्तर पावत्या होत्या. त्याच आठवड्यात आत्या आली. बाबांची थोरली बहीण, दर वर्षी चार दिवस येते. बसमधून उतरली, पिशवी बाबांच्या हातात दिली आणि चालायला लागली, तेवढ्यात बाबा म्हणाले, "ताई, एक विचारू? रागावणार नसशील तर."

"विचार की."

"या वेळी तू हॉटेलात उतरशील का?"

आत्या थांबली. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "का? घरात कोणी आहे?"

"कोणी नाही."

"मग? माझ्या अंगाला वास येतो? की चादरी संपल्या? अरे, आईबापाच्या माघारी हेच एक माझं माहेर, आणि तिथे मला लॉजवर पाठवतोस?"

"लॉज नाही गं आत्या, चांगलं हॉटेल आहे," मी म्हटलं. माझी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तू गप्प बस! ही पण सामील आहे यात."

बाबांनी भर रस्त्यात तिला नियम समजावून सांगितला. कलमासकट. आत्याला कलम कळलं नाही, पण भावाचा आवाज कापतोय हे कळलं. ती हॉटेलात आली. मी काउंटरवर तिचं नाव लिहून घेतलं, जसं कोणा परक्या बाईचं घ्यावं. तिने खोलीतलं काहीही वापरलं नाही, उशीसुद्धा. सकाळी अंथरूण स्वतः आवरून काटाघरात गेली आणि पावती बाबांच्या टेबलावर आपटली. "हा घे तुझा पुरावा. बहीण येऊन गेल्याचा."

मग फळीवर चढली. "आणि आकडा मोठ्याने वाचलास तर बघ."

बाबांनी वजन सरकवलं, दांडी आडवी झाली, आणि सवयीचा हात तशी सवयीची जीभ. "एकाहत्तर किलो तीनशे!"

खोलीत बाळं घेऊन आलेल्या तीन बाया होत्या. आत्या लालबुंद झाली. पण बाबा वहीत तिच्या नावापुढे पावतीचा नंबर लिहीत होते, एकेक आकडा दोनदा पडताळून. तिने ते बघितलं. "एवढी पाळी आली का रे?" ती हळूच म्हणाली. बाबांनी मान हलवली. पेटीत दोनशे एकाहत्तर झाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी बाबा आत्याला बसला बसवायला गेले. दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. मी किल्ली घेऊन काटाघरात गेले. माझ्या पिशवीत एकोणतीस पावत्या होत्या.

त्या खोट्या नव्हत्या. निम्मे पाहुणे बिलाची खालची पावती काउंटरवरच टाकून जातात, त्या मी महिनाभर गोळा केल्या होत्या. माणसं खरी, मुक्काम खरा, कर मी स्वतः घेतलेला. फक्त ती काटाघरात कधी आली नव्हती. मी मनाची समजूत घातली होती की हा केवढासा पासंग. एकच अडचण होती. वहीत प्रत्येक पावतीपुढे वजन हवं. मी आठवून आठवून आकडे ठरवले होते. खोली नंबर दोनशे बारातला घोरणारा विक्रेता ब्याण्णव. नवं लग्न झालेली जोडी, तो अडुसष्ट, ती पन्नास. बाबांचं अक्षर मला येतं. लहानपणी मीच त्यांच्या वह्यांत रेघा मारायचे. पण त्यांच्या आकड्यांवर माझा हात बसला नव्हता, म्हणून सरावासाठी मी कपाटातून एक जुनी वही काढली. कुठलं वर्ष ते बघितलंही नाही.

पान उघडलं ते शनिवारचं. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'घरचे'. बाबा आईला चारचौघांत कधी नावाने हाक मारत नसत, वहीतही नाही. वजनाच्या रकान्यात होतं, शेहेचाळीस किलो पाचशे. पुढच्या शनिवारी पंचेचाळीस चारशे. मग त्रेचाळीस नऊशे. मी पानं उलटत गेले. एक्केचाळीस. चाळीस दोनशे. शेवटची नोंद एकोणचाळीस किलो पाचशे.

मी पाकिटातून चिठ्ठी काढली. तीच तारीख. साडेसत्तेचाळीस.

बाबा परत आले तेव्हा मी खाली फरशीवरच बसले होते. त्यांनी वही बघितली, चिठ्ठी बघितली आणि फळीच्या काठावर बसले. त्या फळीवर कुणाला बसू द्यायचे नाहीत ते.

"बाबा, हे काय आहे?"

"खरं वहीत आहे," ते म्हणाले. "वहीत खोटं मला लिहिता येईना."

"आणि चिठ्ठीत येतं?"

"चिठ्ठीत जे आहे ते काट्याने दाखवलं होतं. नुसता आकडा सांगून भागलं नसतं, छटाक. दांडी बघितल्याशिवाय तिचा माझ्यावरही विश्वास नव्हता." त्यांनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. "त्या पट्ट्या. डॉक्टरांनी सांगितलं की आता उपाय नाही. त्या आठवड्यात मी पहिली पट्टी फळीखाली लावली. वजन उतरलं की दुसरी. तिचं मोजून झालं की सगळ्या काढून ठेवायचो. किलोच्या वर खाली जे राहायचं ते बारीक वजनांनी भरायचो. अडसर लावून ठेवायचो म्हणजे दांडी हलत नाही, रिकामी फळीच जड आहे हे कळत नाही. कपडे सैल झाले ते शिलाईवालीकडे नेऊन आत घेऊन आणायचो. तिला बरं वाटायचं. शनिवारी ती दोन घास जास्त खायची."

"आणि मला?" मी चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. "मला ती म्हणाली काटा खोटं बोलत नाही, परीक्षा देऊन ये."

"माहीत आहे. मी शेजारी बसलो होतो."

"मग फोन का नाही घेतलात तिच्या हातातून?"

"पट्ट्या आठच होत्या," बाबा म्हणाले. "त्या शनिवारी आठवी लावली. म्हटलं अजून पंधरा दिवस आहेत, तोवर तुझी परीक्षा होईल. आयुष्यात एकदाच अंदाज केला मी. जाताना ती काय म्हणत होती ठाऊक आहे? पुढच्या महिन्यात छटाककडे जाऊ या. तिला कुणाचा निरोपच घेता आला नाही. तुझा नाही, ताईचा नाही. तो मी खाल्ला."

मी रडले नाही. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटत होतं. सहा वर्षं मी लोकांना सांगत होते, आई अचानक गेली. एकटी मीच नव्हते, गावात ज्याला ज्याला तिने तो आकडा सांगितला होता ते सगळे सांगत होते. तोळासाहेबांचा काटा म्हटल्यावर कोण संशय घेणार?

मग त्यांना मी टेबलावर काढून ठेवलेल्या पावत्या दिसल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या, मोजल्या. न मोजता त्यांना राहवतच नाही. "एकोणतीस," म्हणाले. "म्हणजे बरोबर तीनशे."

"हो."

मला वाटलं फाडून टाकतील. त्यांनी पावत्या सारख्या करून माझ्या हातात दिल्या. "टाकायच्या तर टाक. मी नाही म्हणणार नाही. तुला नाही म्हणायचं तोंड मला राहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता समितीच्या बाई आल्या. कडक इस्त्रीची साडी, हातात यादी. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी बाळकाट्यावरून हात फिरवला. "माझा मुलगा यात मावत नाही आता," म्हणाल्या. "आठवतो का तुम्हाला?"

"चार किलो सहाशे," बाबा म्हणाले. "पहिल्या वेळी."

बाई हसल्या आणि पावत्या मोजायला बसल्या. एकदा मोजल्या, परत मोजल्या. दोनशे एकाहत्तर. पेन टेबलावर ठेवून म्हणाल्या, "काका, कुठे कपाटात, फायलीत राहिल्या असतील तर बघा. घाई नाही. नोंद राहिली असेल तर आत्ता करून घ्या, मी चहा पिऊन येते हवं तर." त्यांना फसवून घ्यायचं होतं. इतकं सरळ कुणी कुणाला सांगत नाही.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते दांडीकडे बघत होते. माझी पिशवी मांडीवर होती आणि पावत्या तिच्यात वरच होत्या.

"नाहीत," मी म्हटलं. "एवढ्याच आहेत."

लोकांना वाटतं मी प्रामाणिकपणे वागले. आत्याने फोनवर शाबासकीही दिली. खरं सांगायचं तर मी रागाने बोलले. म्हटलं, एकदा यांनाही कळू दे, आकडा कमी निघाला की कसं वाटतं. तोंडातून शब्द गेला आणि बाबांचे खांदे खाली आले, तेव्हा मला समजलं की मी काय केलं. पण बाईंनी तोवर आकडा लिहिला होता.

मग त्यांनी यादी काढली आणि एकेक वस्तू लिहायला लागल्या. फळीचा काटा, एक. पितळी वजनं, दोन संच. शिशाच्या पट्ट्या, आठ. त्या 'बाळकाटा' लिहीत होत्या तेवढ्यात दारात शिलाईवाली आली. दोन तारीख होती. तिला काहीच माहीत नव्हतं. तिने मुलीला सवयीने पारड्यात ठेवलं. बाईंनी पेन थांबवलं.

बाबांनी वजनं लावली. एक काढलं, बारीक लावलं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. मला भीती वाटत होती, की ते परत तेच करतील.

"वाढलं का हो काका?" शिलाईवालीने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पाच किलो तीनशे. दोनशे ग्रॅम घटलंय. आज, आत्ता दवाखान्यात ने. रांग असली तरी हलू नकोस. ही चिठ्ठी दाखव."

ती घाबरली. मी तिच्याबरोबर गेले. चार तास रांगेत उभ्या राहिलो. डॉक्टरांनी चिठ्ठी बघितली, सही बघितली आणि काट्यावर न ठेवताच मुलीला तपासायला घेतलं. औषध सुरू केलं. म्हणाले, वेळेवर आणलंत, आता वजनावर लक्ष ठेवा, दर आठवड्याला मोजून आणा, घसरलं तर लगेच भरती करू. आमचा काटा मात्र बिघडलाय, तुम्ही नेहमी करता तिथेच करा. शिलाईवालीने मान डोलावली. मी चिठ्ठीची घडी करून तिच्या हातात दिली.

शनिवारी नगरपालिकेची गाडी आली आणि सगळं गोदामात गेलं. काटाघरावर मत्स्यालयाच्या वाहनतळाची पाटी लागली. बाबांनी किल्ली दिली, घरी आले आणि खुर्चीत बसले. वर्तमानपत्र हातात असतं, पान उलटत नाही. आम्ही एकमेकांशी बोलतो. जेवलात का, औषध घेतलं का. त्याच्या पलीकडे दोघांनाही जाता येत नाही.

पुढच्या आठवड्यात शिलाईवाली घरी आली, मुलीला घेऊन. दवाखान्यातला काटा अजून तसाच होता. वाण्याने आपल्या काट्यावर मूल ठेवू दिलं नाही, गिऱ्हाइकं बघतात म्हणाला. "काका, तुमच्याकडे घरात असेल ना एखादा काटा?"

घरात काटा नव्हता. ज्याच्याकडे गावातले सगळे काटे होते, त्याला घरात काटा कशाला हवा होता?

"नाही गं," बाबा म्हणाले. तिचा चेहरा पडला. मग तिने मुलीला पुढे केलं. "मग तुम्हीच उचलून बघा. तुमच्या हाताला कळेल."

बाबा उठले. दोन्ही तळहात वर करून उभे राहिले, तिने त्यांच्यावर मुलीला ठेवलं. त्यांनी डोळे मिटले. हात जरा खाली गेले, जरा वर आले. मुलगी त्यांच्या गुंडीशी खेळत होती. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

"अंदाजे..." बाबा म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"अंदाजे सव्वापाच. साडेपाचही असेल."

"म्हणजे वाढलं की घटलं?" शिलाईवालीने विचारलं. "भरती करू का? काका, सांगा ना."

बाबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. माझी पिशवी खुंटीला होती, एकोणतीस पावत्या अजून तिच्यातच होत्या.

"कळत नाही गं," ते म्हणाले. "मला कळत नाही."